चेल्याबिन्स्क : आधी कारखाना, मग शहर

उरल पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, मियास नदीच्या दोन्ही काठांवर चेल्याबिन्स्क हे शहर पसरले आहे. मॉस्कोपासून ते सरळ रेषेत सुमारे १,५०० किलोमीटर पूर्वेला आणि येकातेरिनबुर्गच्या दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर आहे. कझाकस्तानची सीमा येथून दीडशे किलोमीटरच्या आत लागते. २०२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ११ लाख ८९ हजार ५२५ भरली आणि रशियातील शहरांत त्याचा क्रमांक सातवा लागला. पोलाद, जस्त, लोहमिश्रधातू, मोठ्या व्यासाचे पोलादी नळ, ट्रॅक्टर आणि बांधकामाची यंत्रे येथे तयार होतात. रशियाच्या अवजड उद्योगाची गोष्ट या शहराला वगळून सांगता येत नाही.

या शहराच्या अडचणीही तितक्याच ठळक आहेत. हिवाळ्यात दिवसेंदिवस साचून राहणारा धूर, खोदकाम सुरू होऊन तीन दशके उलटली तरी न धावलेली मेट्रो आणि शहराच्या हद्दीतच वाढत गेलेला कचऱ्याचा डोंगर ही त्यांतली तीन उदाहरणे. त्यांचे खापर कधी हवामानावर, कधी पैशाच्या टंचाईवर, तर कधी एखाद्या कारखान्यावर फोडले जाते. प्रत्येक कारणात थोडे तथ्य आहे. मूळ कारण मात्र शहर ज्या क्रमाने उभे राहिले त्या क्रमात आहे. येथे आधी राज्यसत्तेने काम ठरवले, कामासाठी कारखाना आला, कारखान्यामागून माणसे आली, माणसांमागून घरे आली आणि पाणी, हवा, कचरा यांचा विचार सर्वांत शेवटी झाला. हा क्रम एकदा नव्हे, अनेकदा गिरवला गेला.

जमीन आणि पाणी

चेल्याबिन्स्क दोन भूप्रदेशांच्या सांध्यावर आहे. शहराच्या पश्चिम भागात उरलचा जुना ग्रॅनाइट जमिनीवर डोके काढतो. पूर्वेकडे तो गाळाच्या खडकांखाली बुडतो आणि पश्चिम सायबेरियाचे सपाट मैदान सुरू होते. मियासवरचा लेनिनग्राद पूल उरल आणि सायबेरिया यांना जोडतो, असे शहरात कौतुकाने सांगितले जाते. युरोप आणि आशिया यांची मानलेली सीमा याच्याही पश्चिमेला, झ्लाटोउस्तजवळच्या डोंगरांतून जाते, त्यामुळे शहर पूर्णपणे आशियात येते. पश्चिम कडेला ग्रॅनाइटच्या जुन्या खाणी आणि त्यांच्याभोवतीचे पाइनचे मोठे जंगल आहे. इतक्या मोठ्या औद्योगिक शहराच्या पोटात नैसर्गिक पाइनवन टिकून राहावे, ही दुर्मीळ गोष्ट आहे.

या सांध्याने शहराला दोन देणग्या दिल्या. पश्चिमेच्या डोंगरांत लोखंड, तांबे आणि इतर धातूंची खनिजे आहेत. पूर्वेच्या मैदानाच्या कडेला, कोपेयस्क आणि कोर्किनोच्या परिसरात, तपकिरी कोळशाचे साठे सापडले. डोंगरातला धातू आणि मैदानाचा कोळसा जिथे भेटतात तिथे कारखाने यावेत, हे स्वाभाविकच होते. मात्र किती यावेत, कुठे यावेत आणि कोणाच्या घराशेजारी यावेत, हे भूगोलाने ठरवलेले नाही.

हवामान तीव्र खंडीय आहे. जानेवारीचे सरासरी तापमान उणे १५ अंशांच्या जवळपास असते आणि जुलैचे १९ अंशांच्या आसपास. डिसेंबरअखेर दिवस जेमतेम सात तासांचा उरतो. समुद्र दूर आणि पश्चिमेला उरलची भिंत, त्यामुळे पाऊस आणि बर्फ मिळून पाणी बेताचेच पडते. हिवाळ्यात सायबेरियाकडून उच्च दाबाचा पट्टा येऊन बसला की वारा थांबतो, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि धूर वर जाण्याऐवजी खालीच अडकतो. तापमानाच्या या उलट्या थराची जाण ठेवून ज्या शहराची आखणी व्हायला हवी होती, त्याची आखणी तो थर विसरून झाली.

मियास मोठी नदी नाही. सुमारे ६५८ किलोमीटर वाहून ती इसेतला मिळते आणि तोबोल, इर्तिश, ओब अशा वाटेने तिचे पाणी शेवटी उत्तरेच्या कारा समुद्रात जाते. दहा लाखांवर लोक आणि धातूचे कारखाने यांची तहान एवढ्या नदीवर भागत नाही, म्हणून वरच्या अंगाला अर्गाझी आणि शहराच्या पश्चिम कडेला शेर्शनी असे जलाशय बांधावे लागले. शेर्शनी १९६० च्या दशकात तयार झाला आणि आज तोच शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यात दुष्काळ पडला तेव्हा ही व्यवस्था किती तोकडी आहे ते उघड झाले. शहर कोरडे पडू नये म्हणून उविल्दी या निर्मळ डोंगरी सरोवराचे पाणी कालव्याने अर्गाझीकडे वळवावे लागले. शहर तगले, पण सरोवराची पातळी खूप खाली गेली आणि ती भरून यायला बरीच वर्षे लागली. आधी कारखाने आणि वस्ती वाढवायची, मग पाणी शोधायचे, या क्रमाची किंमत अशी दूरच्या सरोवराने मोजली.

किल्ला, गाड्या आणि रेल्वे

शहराचा आरंभ १७३६ साली एका लाकडी किल्ल्याने झाला. रशियन सेवेतला तातार कर्नल अलेक्सेई तेव्केलेव याने बाष्कीर लोकांच्या भूमीत, चेल्याबा या जुन्या वस्तीजवळ तो उभारला. बाष्किरांचे बंड चालू होते आणि दक्षिणेच्या ओरेनबुर्ग मोहिमेला धान्य पुरवणाऱ्या गाड्यांच्या वाटेवर पहारा हवा होता. हेच या जागेला राज्याने नेमून दिलेले पहिले काम. १७८१ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. शहराच्या चिन्हावर उंट आहे. मध्य आशियाच्या व्यापारी तांड्यांची ती आठवण. पुढची शंभर वर्षे हे जिल्ह्याचे एक शांत गाव होते.

१८९२ मध्ये समारा आणि झ्लाटोउस्तकडून येणारा लोहमार्ग चेल्याबिन्स्कपर्यंत पोचला आणि त्याच वर्षी येथून पूर्वेकडे सायबेरियन लोहमार्गाचे काम सुरू झाले. सायबेरियाचा लोहमार्ग त्या काळी चेल्याबिन्स्कपासूनच मोजला जाई. १८९६ मध्ये येकातेरिनबुर्गची वाटही जोडली गेली आणि गाव तीन दिशांच्या गाड्यांचे जंक्शन बनले. सायबेरियात जमीन मिळेल या आशेने निघालेली शेतकरी कुटुंबे येथे उतरत, नोंद करून घेत, वैद्यकीय तपासणी होई, गरम अन्न मिळे आणि मग पुढची गाडी पकडत. पहिल्या महायुद्धापर्यंत अशी लाखो माणसे या स्थानकातून पुढे गेली.

रेल्वेच्या मालभाड्याचा एक नियमही येथे निर्णायक ठरला. त्या काळी अंतर वाढेल तसा दर मैलामागचा दर उतरत असे. सायबेरियातले स्वस्त धान्य युरोपीय रशियाच्या बाजारात उतरले तर तिथल्या जमीनदारांचे भाव पडतील, ही भीती होती. म्हणून १८९६ पासून सायबेरियाच्या धान्याचे भाडे चेल्याबिन्स्कला तोडण्यात आले: येथपर्यंतचा प्रवास वेगळा आणि येथून पुढचा वेगळा धरायचा, म्हणजे लांब अंतराची सवलत आपोआप नाहीशी. परिणामी धान्य पुढे नेण्यापेक्षा येथेच दळून पीठ करणे परवडू लागले, गिरण्या आल्या, व्यापारी आले. १८९७ च्या जनगणनेत गावात सुमारे २० हजार लोक होते; दोन दशकांत ती संख्या तिपटीहून जास्त झाली. दूरच्या राजधानीतल्या एका दरपत्रकाने गावाचे शहर केले. दरपत्रक बदलले की तोच आधार निसटणार होता, आणि पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तो नियम खरोखरच रद्द झाला. शहराच्या भरभराटीची किल्ली शहराबाहेर असणे, हा येथील इतिहासाचा कायमचा धागा आहे.

ट्रॅक्टर, मग रणगाडे

सोव्हिएत सत्तेने १९२९ पासून शेतीचे सामूहिकीकरण सुरू केले तेव्हा जड, साखळीवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांची गरज निर्माण झाली. त्यासाठी चेल्याबिन्स्कच्या पूर्वेच्या मोकळ्या मैदानाची निवड झाली. आराखड्याचे बरेचसे काम अमेरिकेत डेट्रॉइटला झाले आणि पहिला ट्रॅक्टर अमेरिकन कॅटरपिलर कंपनीच्या नमुन्यावर बेतला गेला. वर्षाला ४० हजार ट्रॅक्टर हे उद्दिष्ट होते. १ जून १९३३ ला कारखान्याचे उद्घाटन झाले. त्याच काळात कोळशावरचे मोठे वीजकेंद्र आले आणि त्या विजेच्या भरवशावर लोहमिश्रधातू, अपघर्षक द्रव्ये आणि जस्ताचे कारखाने आले. या मालिकेत प्रत्येक दुवा दुसऱ्याला लागून होता: कोळशातून वीज, विजेतून मिश्रधातू, मिश्रधातूतून उत्तम पोलाद, पोलादातून यंत्र. १९३४ मध्ये चेल्याबिन्स्क स्वतंत्र प्रांताची राजधानी झाले आणि १९३९ मध्ये लोकसंख्या २ लाख ७३ हजारांवर गेली. घरे मात्र या वेगाने वाढली नाहीत. बांधकामावरचे मजूर लाकडी बराकीत आणि जमिनीत खणलेल्या झोपड्यांत राहत.

जून १९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केला आणि शहराला चौथे, सर्वांत जड काम मिळाले. पश्चिमेकडचे कारखाने उखडून रेल्वेने पूर्वेला आणण्यात आले. चेल्याबिन्स्क प्रांतात दोनशेहून अधिक उद्योग येऊन उतरले. लेनिनग्रादच्या किरोव कारखान्याचे रणगाडा विभाग आणि खार्किवचा डिझेल इंजिनांचा कारखाना ट्रॅक्टर कारखान्यात विलीन झाले. आयझॅक झाल्त्समान या संचालकाच्या आणि झोझेफ कोतिन या रचनाकाराच्या हाताखाली तेथे केव्ही, टी-३४ आणि आयएस मालिकेचे रणगाडे तयार झाले. युद्धाच्या काळात तेथून सुमारे १८ हजार रणगाडे व स्वयंचलित तोफगाड्या आणि ४८ हजारांहून अधिक डिझेल इंजिने बाहेर पडली. लोक शहराला टँकोग्राद म्हणू लागले. मारिउपोलहून आलेल्या यंत्रांवर नळांचा कारखाना उभा राहिला. शहराच्या उत्तरेला पोलादाचा नवा कारखाना सुरू झाला आणि एप्रिल १९४३ मध्ये त्यातून पहिले पोलाद ओतले गेले.

हे पोलाद कोणाच्या श्रमातून आले, तेही सांगायला हवे. कारखाना बांधण्याचे काम गृहखात्याच्या सक्तमजुरी व्यवस्थेकडे होते. केवळ जर्मन वंशाचे म्हणून व्होल्गाकाठावरून हद्दपार केलेले सोव्हिएत नागरिक 'श्रमसेने'च्या नावाखाली काटेरी तारांच्या आत राहून तेथे राबले. थंडी, उपासमार आणि आजारपण यांनी त्यांतले हजारो दगावले. ज्या देशासाठी पोलाद हवे होते त्याच देशाने त्यांना शत्रू ठरवले होते. शहराच्या गौरवाच्या पाटीवर त्यांचीही ओळ हवी. ती नसेल तर तो गौरव अपुरा राहतो.

युद्धाने घाईचे समर्थन केले, आणि ते समर्थन खरे होते. नाझी सैन्य मॉस्कोच्या वेशीवर असताना वाऱ्याची दिशा पाहून कारखान्याची जागा निवडणे कोणालाही परवडले नसते. जे यंत्र रुळावरून उतरले ते जिथे वीज आणि छप्पर मिळाले तिथे लागले. प्रश्न १९४५ नंतरचा आहे. आणीबाणीत झालेली मांडणी शांततेतही तशीच ठेवली गेली, इतकेच नव्हे, तिच्यावरच पुढचे मजले चढवले गेले. युद्ध चार वर्षांत संपले. त्याच्या घाईत आखलेला नकाशा ऐंशी वर्षे टिकला.

दहा लाखांचे शहर

१९५९ मध्ये लोकसंख्या ६ लाख ८९ हजार होती. १९७६ च्या सुमारास तिने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा ती साडेअकरा लाखांच्या घरात होती. कारखान्यांच्या मागण्या आटल्या, जन्मदर घसरला आणि २००२ च्या जनगणनेत ती १० लाख ७७ हजारांवर आली. पुढच्या दोन दशकांत ती पुन्हा चढली. प्रांतातल्या लहान गावांतून आणि कझाकस्तानसह मध्य आशियातून लोक येत राहिले. बहुसंख्य लोक रशियन आहेत. तातार आणि बाष्कीर हे त्यानंतरचे मोठे समूह. त्यांच्या जोडीला युक्रेनियन, कझाक, जर्मन आणि इतर. यातले बाष्कीर मूळचे येथले. बाकीच्यांचे आगमन कोणत्या ना कोणत्या राज्य-निर्णयाशी जोडलेले आहे: किल्ला, रेल्वे, पंचवार्षिक योजना, स्थलांतरित कारखाना किंवा हद्दपारी.

ही माणसे आता कोणत्याही आदेशाने येथे नाहीत. तिसरी-चौथी पिढी येथे जन्मली, शाळा-विद्यापीठांत शिकली, ट्रॅक्टर कारखान्याच्या नावाच्या आइस हॉकी संघासाठी ओरडली. १९४३ मध्ये युद्धाच्या गरजेतून निघालेली यंत्र-अभियांत्रिकी संस्था आज दक्षिण उरल राज्य विद्यापीठ आहे. कामासाठी गोळा केलेली वस्ती अशी हळूहळू नागर समाज बनली. शहराची व्यवस्था मात्र अजून पुष्कळ अंशी कामाच्या वस्तीचीच आहे.

शहराचा मुख्य रस्ता हे सारे उघड करून दाखवतो. लेनिन मार्ग पूर्वेला ट्रॅक्टर कारखान्याच्या दारात सुरू होतो, मध्यवर्ती क्रांती चौकातून जातो आणि पश्चिमेला विद्यापीठ ओलांडून पाइनवनाच्या कडेला, सोव्हिएत अणुबॉम्बचे जनक इगोर कुर्चातोव यांच्या स्मारकापाशी संपतो. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला धातूंचे कारखाने, वायव्येला १९७० नंतर उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या वसाहती. सात प्रशासकीय विभागांपैकी दोहोंची नावेच ट्रॅक्टर कारखाना आणि धातुउद्योग यांवरून पडली आहेत. घरे पश्चिमेला आणि कामे पूर्वेला-उत्तरेला, अशी ही विभागणी आहे.

कुर्चातोव यांचे स्मारक आणखी एका ओझ्याची खूण आहे. शहराच्या वायव्येला सुमारे ७० किलोमीटरवर, आजच्या ओझ्योर्स्कमध्ये, १९४० च्या दशकाच्या अखेरीस प्लुटोनियम बनवणारा मायाक कारखाना सुरू झाला. त्या बंद नगराला बराच काळ चेल्याबिन्स्कचे नाव आणि पुढे एक आकडा एवढीच ओळख होती. तेथील किरणोत्सारी सांडपाणी तेचा नदीत सोडले गेले. २९ सप्टेंबर १९५७ रोजी कचऱ्याची टाकी फुटून किरणोत्सारी ढग ईशान्येकडे पसरला आणि दहा हजारांहून अधिक लोकांना गावे सोडावी लागली. चेल्याबिन्स्क दक्षिणेला असल्यामुळे या ढगातून वाचले. सरकारने घटना तीन दशके अधिकृतपणे लपवून ठेवली आणि शहर १९९२ पर्यंत परदेशी लोकांना बंद होते. नदीकाठच्या गावकऱ्यांना ते कोणते पाणी वापरत आहेत हेही वेळेवर सांगितले गेले नाही. काम आधी आणि माणूस नंतर, या क्रमाचे याहून कठोर उदाहरण मिळणार नाही.

उष्णता, वाहतूक, कचरा

रशियन शहराच्या पायाभूत सुविधांत उष्णतेचा पुरवठा सर्वांत जीवनावश्यक. वीजकेंद्रात टर्बाइन फिरवून झालेल्या वाफेची उरलेली उष्णता पाण्याला दिली जाते आणि ते गरम पाणी नळांच्या जाळ्यातून इमारती-इमारतींत फिरते. एकाच इंधनात वीज आणि ऊब दोन्ही मिळतात. हजारो घरगुती शेगड्यांचा धूर वाचतो. १९६३ मध्ये बुखारा-उरल वायुवाहिनीने मध्य आशियातला नैसर्गिक वायू येथे पोचवला आणि केंद्रे कोळशावरून वायूकडे वळू लागली. सोव्हिएत नियोजनाचे हे उत्तम काम होते आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. त्याची दुसरी बाजू म्हणजे संपूर्ण शहर एका जाळ्यावर अवलंबून राहते. वर्षातले सात महिने हे जाळे थांबता कामा नये.

१५ फेब्रुवारी २०१३ ला या जाळ्याची कसोटी लागली. सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी सुमारे २० मीटर व्यासाची उल्का शहराच्या दक्षिणेला आकाशात फुटली. झळाळी पाहायला लोक खिडक्यांशी गेले आणि दोनेक मिनिटांनी आलेल्या धक्क्याने काचा त्यांच्यावर कोसळल्या. सुमारे १,५०० जखमी झाले, सात हजारांहून अधिक इमारतींचे नुकसान झाले, जस्त कारखान्याच्या एका गोदामाचे छत पडले. बाहेर कडाक्याची थंडी आणि घरांना काचा नाहीत. पाणी नळांत गोठले असते तर संपूर्ण वसाहती राहण्यालायक उरल्या नसत्या. तसे झाले नाही. उष्णता चालू राहिली आणि बहुतेक काचा थोड्याच दिवसांत बसल्या. कोणीही दगावले नाही. घर हीच पहिली गरज आहे असे एकदा ठरले की हे शहर काय करू शकते, ते त्या आठवड्यात दिसले.

वाहतुकीत उलटे चित्र आहे. ट्राम १९३२ मध्ये आली आणि ट्रॉलीबस ऐन युद्धात, १९४२ मध्ये, कारण मजूर वेळेवर पाळीला पोचणे ही लष्करी गरज होती. सोव्हिएत प्रघातानुसार दहा लाखांच्या शहराला मेट्रोचा हक्क मिळे. पहिली मार्गिका ट्रॅक्टर कारखान्यापासून मध्यभागातून वायव्येच्या वसाहतींकडे आखली गेली, म्हणजे पुन्हा घरापासून कारखान्यापर्यंत. काम १९९२ मध्ये सुरू झाले, तेव्हा मेट्रो मंजूर करणारे राज्यच उरले नव्हते आणि कारखान्याकडे जाणारी गर्दीही आटू लागली होती. बोगदे थोडे थोडे पुढे सरकत राहिले, गाडी धावली नाही. अखेर त्याच बोगद्यांत ट्राम उतरवून जमिनीवरच्या जाळ्याशी जोडायची, या योजनेकडे शहर वळले. हा निर्णय शहाणपणाचा आहे. तो कारखान्याच्या पाळीऐवजी आजच्या शहराच्या प्रवासाचा हिशेब करतो.

कचऱ्याची कथा थोडक्यात सांगता येते. १९४९ पासून शहराच्या हद्दीतच कचरा टाकला जात होता आणि त्याचा कित्येक मजली डोंगर झाला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये तो बंद झाला तेव्हा पर्यायी व्यवस्था तयार नव्हती. अंगणांतून कचरा साचला आणि आणीबाणी जाहीर करावी लागली. डोंगर झाकून त्यातला वायू गोळा करण्याचे काम त्यानंतर झाले. सत्तर वर्षांचा प्रश्न संकट दारात आल्यावर सुटला.

हवा कोणाची?

सर्वांत अवघड प्रश्न हवेचा आहे. कोकभट्ट्या, मिश्रधातूंच्या विद्युतभट्ट्या, इलेक्ट्रोड, जस्त, वीजकेंद्रे आणि मोटारी यांचे उत्सर्जन एकाच वारा थांबलेल्या हवेत मिसळते. कोळशाने त्यात वेगळी भर घातली. कोर्किनोची उघडी खाण खोल जात जात सुमारे ५०० मीटरवर पोचली. तिच्या कडा सरकू लागल्याने रोझा या वस्तीतली कुटुंबे हलवावी लागली आणि तळाशी धुमसणाऱ्या कोळशाचा वास चेल्याबिन्स्कपर्यंत येत असे. २०१७ मध्ये खाणकाम थांबले. खड्डा भरण्यासाठी जवळच्या तोमिनो येथील नव्या तांबे प्रकल्पाचा गाळ वापरायचे ठरले. त्या प्रकल्पाला नागरिकांनी तीव्र विरोध केला होता, कारण तो शहराच्या पाण्याच्या स्रोतापासून फार दूर नव्हता. जुनी जखम भरायला नव्या खाणीचा आधार घ्यावा लागणे, ही या प्रदेशाची अडचण नेमकी सांगणारी गोष्ट आहे.

हवेच्या प्रश्नात चेल्याबिन्स्कची तुलना त्याच प्रांतातल्या मॅग्निटोगोर्स्कशी उपयोगी ठरते. तिथे एकच महाकाय पोलाद कारखाना आहे. धूर कोणाचा, हे विचारावे लागत नाही. चेल्याबिन्स्कमध्ये कारखाने अनेक आणि मालक अनेक. यामुळे एका उद्योगाच्या पडझडीने शहर बुडत नाही, हा मोठा लाभ. तोटा असा की प्रत्येकाला आपला वाटा लहान आहे असे म्हणता येते. प्रत्येक धुराडे स्वतःच्या परवान्याच्या मर्यादेत असू शकते आणि तरीही त्यांच्या बेरजेत शहराचा श्वास कोंडू शकतो. वारा थांबण्याचा अंदाज आला की कारखान्यांनी उत्सर्जन कमी करावे, असा नियम आहे. पण तोही धूर झाल्यावर झाकण लावण्याचा उपाय.

म्हणूनच २०१९ च्या कायद्याने सुरू झालेला बदल महत्त्वाचा आहे. 'स्वच्छ हवा' या राष्ट्रीय प्रकल्पात चेल्याबिन्स्कसह बारा शहरे घेतली गेली. त्यात आधी शहराच्या संपूर्ण हवेचा एकत्रित हिशेब मांडायचा आणि मग प्रत्येक कारखान्याला त्यातला कोटा द्यायचा. हिशेबाची सुरुवात धुराड्यापासून न करता नागरिकाच्या नाकापासून होते. जुना क्रम उलटा करण्याचा हा पहिला कायदेशीर प्रयत्न म्हणावा लागेल. त्याची मुदत पुढे ढकलावी लागली, मोजणीवर नागरिकांचा पुरता विश्वास बसलेला नाही आणि लोक स्वतःचे संवेदक बसवून आकडे तपासतात. २०२४ मध्ये मिश्रधातूंचा मोठा कारखाना न्यायालयाच्या आदेशाने राज्याच्या ताब्यात गेला आणि त्याचे घातक उत्पादन शहराबाहेर नेण्याची घोषणा झाली. या घोषणेतही जुनी सवय डोकावते: शहराबद्दलचा निर्णय पुन्हा मॉस्कोत झाला.

कारखाने गेले तर शहर कशावर जगेल, हा आक्षेप खरा आहे आणि तो हलक्याने झटकता येणार नाही. पोलाद आणि जस्त यांच्या वेतनावर येथे हजारो घरे चालतात. परंतु निवड कारखाना की हवा अशी नाही. नळांच्या कारखान्यात २०१० साली उघडलेल्या 'व्हिसोता २३९' या विभागात उजेड, रंग आणि स्वच्छता यांना यंत्रांइतकेच महत्त्व दिले गेले. अवजड उद्योग कळकट असलाच पाहिजे ही समजूत त्याने मोडली. कोकभट्टी बंदिस्त करता येते, भट्टीचा धूर गाळता येतो, वायू जाळून उष्णता मिळवता येते. त्याला खर्च येतो. तो खर्च आजवर उत्पादनाच्या हिशेबात धरला गेला नाही, कारण तो नागरिकांच्या फुप्फुसांनी, उविल्दीच्या पाण्याने आणि तेचाकाठच्या गावांनी भरला.

किल्ला, जंक्शन, ट्रॅक्टर, रणगाडा, अणू: प्रत्येक वेळी देशाने चेल्याबिन्स्ककडे काही मागितले आणि शहराने ते दिले. त्या बदल्यात मिळायला हवे होते ते थकीत आहे. ते फेडण्याची रीत साधी आहे. यापुढे येथे काहीही बांधताना पहिला प्रश्न जानेवारीतल्या बिनवाऱ्याच्या दिवसाचा असावा, दुसरा मियासच्या पाण्याचा आणि तिसरा कामावर जाणाऱ्या माणसाच्या प्रवासाचा. उत्पादनाचा आकडा त्यानंतर यावा. हा क्रम पाळला तर अकरा लाखांची ही वस्ती कारखान्यांच्या आवारातून बाहेर पडून शहर होईल.